मंजूर न झालेले पद

बल्लारपूरला कागदाची गिरणी निघाली ती १९४५ साली. तेव्हापासून जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलातील बांबू लगदा होऊन, कागद होऊन देशभरच्या कचेऱ्यांत आणि परीक्षागृहांत जात राहिला. या कागदावर लिहावयाचे कसे, हे मात्र त्याच मुलखातील महाविद्यालयांत कोणी शिकवीत नाही. तेथे मराठीचा प्राध्यापक आहे, इंग्रजीचा आहे, अर्थशास्त्राचा आणि भूगोलाचाही आहे. लेखन शिकविणारा असा कोणी नाही, कारण आकृतिबंधात तसे पदच नाही. जे पद मंजूर नाही ते रिक्त आहे असेही म्हणता येत नाही. आणि जे रिक्त नाही त्याची मागणी करावयाची तरी कोणाकडे?

लेखन शिकविणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ शिकविणे नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार नियम केले. ते शाळेतच शिकवून व्हावेत, आणि ते न येणाऱ्याने कोश उघडावा. येथे अभिप्रेत असलेले काम निराळे आहे. आपणांस नेमके काय म्हणावयाचे आहे ते ठरविणे, त्यास पुरावा कोणता ते शोधणे, वाचणाऱ्याला आधी काय कळले पाहिजे आणि नंतर काय याचा क्रम लावणे, आणि जे अनावश्यक आहे ते निष्ठुरपणे काढून टाकणे, हे ते काम. दुसऱ्याच्या लेखनावर हेच संस्कार करणे म्हणजे संपादन. महाविद्यालयात तीन किंवा पाच वर्षे घालविलेला विद्यार्थी शेकडो पृष्ठांच्या उत्तरपत्रिका लिहून बाहेर पडतो. पण त्याने लिहिलेला एखादा परिच्छेद कोणी त्याच्या समोर बसून वाचला, ‘हे वाक्य येथे का?’ असे विचारले आणि त्याच्याकडून तो पुन्हा लिहून घेतला, असा प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला एकदाही येत नाही. उत्तरपत्रिकेवर गुण पडतात, टिपण पडत नाही.

काम मात्र व्हावयाचे थांबलेले नाही. ते अन्यत्र होते. प्रबंध टंकलिखित करून देणाऱ्या दुकानात संगणकावर बसलेला, स्वतः पदवीपर्यंतही न पोचलेला तरुण संशोधकांची वाक्ये सरळ करीत असतो. निवृत्त मुख्याध्यापकाकडे गावातील प्रत्येक निवेदन नजरेखालून घालण्यासाठी येते. तहसील कचेरीच्या आवारातील अर्जनवीस तर या व्यवसायाचा सर्वांत जुना प्रतिनिधी. दुसऱ्याचे म्हणणे कागदावर आणून पोट भरणारा हा माणूस शतकाहून अधिक काळ झाडाखाली बसलेला आहे. आणि महाविद्यालयात तासाच्या हिशेबाने मानधन घेणारा मराठीचा अध्यापक, संस्थेचे अहवाल, सत्काराची मानपत्रे, स्मरणिकेचे लेख आणि मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाची कागदपत्रे फुकट लिहून देत असतो. ज्या कामाला इतके हात लागतात त्याला मागणी नाही असे अर्थशास्त्राचा कोणता विद्यार्थी म्हणेल? मागणी आहे, तिला नाव नाही, दर नाही आणि शिक्षण नाही.

हा प्रश्न पुण्या-मुंबईतही आहे. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत त्याची किंमत निराळ्या चलनात मोजावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीवर किंवा गावाने राखलेल्या जंगलावर हक्क सांगावयाचा तर लेखी दावा करावा लागतो. नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि एकाहून अधिक पुरावे हवेत अशी अट आहे. त्या यादीतील एक पुरावा या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा: दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे कथन, लेखी स्वरूपात आणलेले. कायद्याने येथे म्हाताऱ्याच्या आठवणीला पुराव्याचा मान दिला आहे. परंतु ती आठवण कागदावर कोणी आणावयाची, हे सांगितलेले नाही. ऐंशी वर्षांचा माडिया माणूस नाल्यापलीकडच्या वहिवाटीची हकिकत सांगतो ती ऋतूंच्या, लग्नांच्या, साथींच्या आणि साहेबांच्या फेऱ्यांच्या आधाराने. ती हकिकत त्याच्या बोलण्याचा अर्थ न बिघडविता, आणि उपविभागीय समितीतील लिपिकाला समजेल अशा क्रमाने मांडणे हे उच्च प्रतीचे संपादन आहे. ते बिघडले तर दावा फेटाळला जातो. फेटाळल्यावर साठ दिवसांत अपील करता येते. पण अपील हेही पुन्हा लेखनच. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून दूर करण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ तारखेला, त्यास स्थगिती दिली. ते पंधरा दिवस ज्या घरांनी काढले त्यांना ‘सुसंगत परिच्छेद’ ही वर्गातली चैनीची वस्तू आहे असे सांगून पाहावे!

याच्या उलट बाजूचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडली गेलेली ही कहाणी बहुधा लढ्याची कहाणी म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मेंढ्यात निर्णय घेणारी ग्रामसभा आणि विषय समजावून घेणारा अभ्यासगट अशी दोन निराळी अंगे होती, याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. कायदा वाचणे, त्याचा अर्थ गावाच्या भाषेत सांगणे, गावाचे म्हणणे कायद्याच्या भाषेत नेणे आणि ठराव असा लिहिणे की त्यात फट राहू नये: ज्याला विद्यापीठात लेखनाचा अभ्यासक्रम म्हणावे तो येथे गोटुलाच्या आसपास चालला, आणि त्याला कोणी श्रेयांक दिले नाहीत.

दुसरे उदाहरण शोधग्रामचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत केलेले काम वैद्यकाचे म्हणून जगाला माहीत आहे. राणी बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांविषयीचा निबंध १९८९ मध्ये आणि नवजात अर्भकांच्या घरच्या घरी करावयाच्या उपचारांविषयीचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. दुसऱ्या निबंधाने ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखविले. आता या निबंधाचा पाया पाहावा. तो पाया म्हणजे पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, गावातल्याच स्त्रियांनी बाळाच्या उशाशी बसून केलेल्या नोंदी. त्या नोंदी स्वच्छ, तारीखवार आणि खऱ्या नसत्या तर लंडनचे कोणतेही संपादक मंडळ त्या निबंधाकडे ढुंकून पाहते ना. पुढे २००१ मध्ये बालमृत्यूंविषयीचा अहवाल सिद्ध झाला त्याला ‘कोवळी पानगळ’ असे नाव दिले गेले. आकड्यांच्या अहवालाला असे नाव देणे हा संपादकीय निर्णय होता, आणि त्या दोन शब्दांनी मंत्रालयातल्या फायलींना जे जमले नव्हते ते केले. सहावी शिकलेल्या बाईला नोंद लिहावयास शिकविता येते. मग पदवीच्या वर्गाला परिच्छेद शिकविता येत नाही, हे कोणाला पटावे?

‘आमच्याकडची मुले लिहूच शकत नाहीत’, हे वाक्य दोन्ही जिल्ह्यांतील प्राध्यापकांच्या खोलीत वारंवार ऐकू येते. ते नीट तपासले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार होती आणि तीत अनुसूचित जमातींचा वाटा ३८ टक्क्यांहून अधिक होता. येथे घरी बोलली जाणारी भाषा गोंडी असेल, माडिया असेल, सिरोंच्याकडे तेलुगू असेल, मुलचेरा-चामोर्शीकडील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली असेल, आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली असेल. गोंडीत पुल्लिंग आणि पुल्लिंगेतर असे दोनच वर्ग. म्हणून त्या घरातला मुलगा मराठीच्या स्त्रीलिंगात आणि नपुंसकलिंगात घोटाळा करतो. तेलुगूतही एकवचनात तसेच. बंगालीत तर व्याकरणिक लिंगच नाही. झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो आणि ‘ळ’ पुष्कळदा ‘र’ होतो. ‘पानी’ आणि ‘सकारी’ लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो, तो आपल्या कानाशी प्रामाणिक असतो. एकाच वर्गातील चार मुलांच्या चार चुका दिसावयास सारख्या, परंतु त्यांची मुळे चार निरनिराळ्या भाषांत आहेत. तांबड्या शाईला हे कळत नाही.

हे ज्या व्यक्तीने जगाला पद्धतशीरपणे दाखवून दिले ती न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील एक अध्यापिका होती. तेथे १९७० मध्ये शहरातील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सर्वांना विद्यापीठाची दारे उघडण्यात आली, आणि कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोच्या आणि गरीब कामगारांच्या घरांतली मुले वर्गात आली. ‘यांना लिहिता येत नाही’, असा तेथेही गिल्ला झाला. मीना शॉनेसी यांनी तक्रार करण्याऐवजी त्या मुलांचे सुमारे चार हजार निबंध वाचून काढले आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, या चुका स्वैर नाहीत. प्रत्येकीमागे काही तर्क आहे, आणि तो तर्क ओळखणाऱ्या शिक्षकालाच ती दुरुस्त करता येते. चामोर्शीच्या किंवा अहेरीच्या एखाद्या महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका याच दृष्टीने वाचल्या, तर मराठी अध्यापनशास्त्राला आजवर कोणी न दिलेले काही तरी या जंगलातून मिळेल. पुण्याच्या विद्वानाला हे काम साधणार नाही. ते साधेल झाडीत वाढलेल्या किंवा गोंडी बोलत मोठ्या झालेल्या, आणि मराठीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन तास मिळण्याची वाट पाहत बसलेल्या तरुणाला. आपले बोलणे हा दोष आहे असे ज्याला शाळेपासून सांगण्यात आले, त्याच्यापाशीच या व्यवसायाचे खरे भांडवल आहे.

मात्र संपादनाच्या नावाखाली सर्वांचे बोलणे एकाच प्रमाण साच्यात ओतण्याचा उद्योग सुरू झाला तर तो नको. या बाबतीत विदर्भाची परंपरा फार जुनी आणि फार शहाणी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ठिकठिकाणी जाऊन, प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. पुढे तो ग्रंथ नष्ट होऊन स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला तेव्हा महानुभावांनी पाठभेदही जपून ठेवले. मराठीतील गद्य अशा रीतीने एका संपादकाच्या पायपिटीतून निघाले, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात लेखकाच्या गौरवाखाली झाकून जाते. ज्या रिद्धपूरशी ही हकिकत निगडित आहे तेथेच आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तेथे संपादनशास्त्राचे अध्यासन नसावे, ही कल्पनाही विचित्र वाटते.

या कामावर पोट भरते काय, हा प्रश्न विद्यार्थी विचारणारच, आणि त्यांनी तो विचारावा. उत्तर सरळ द्यावयाचे तर: भरते, पण आजवर ते दुसऱ्या एखाद्या नोकरीच्या आडोशाने भरले आहे. १९२५ मध्ये जन्मलेल्या यास्मिन शेख यांनी मुंबईत महाविद्यालयीन अध्यापन केले, आणि निवृत्तीनंतर ‘अंतर्नाद’ मासिकाच्या व्याकरण सल्लागार म्हणून व शब्दलेखनकोशाच्या कर्त्या म्हणून दुसरे आयुष्य उभे केले. २०१२ मध्ये चंद्रपूरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसंत आबाजी डहाके यांना लोक कवी म्हणून ओळखतात. त्यांनी पोटासाठी मराठी शिकविले आणि ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशा’चे संपादन इतरांसमवेत केले. ‘मराठी लेखन-कोशा’चे कर्ते अरुण फडके कार्यशाळा घेत महाराष्ट्रभर हिंडले. ‘सत्यकथे’च्या संपादकांची हस्तलिखितांवरील पत्रे मराठी लेखकांच्या दोन पिढ्यांचे विद्यापीठ होती, ती संस्था १९८२ मध्ये बंद पडली. संपादन हेच ज्याचे पगारी काम, अशी संस्था शोधू गेल्यास वाईचे विश्वकोश कार्यालय डोळ्यांपुढे येते, आणि त्यानंतर यादी पटकन संपते.

असे का व्हावे, याचे एक कारण या मालाच्या स्वभावातच आहे. गवंड्याचे काम दिसते. संपादकाचे काम जितके चांगले तितके ते दिसेनासे होते. वाचकाला लेख सुबोध वाटतो आणि श्रेय लेखकाला जाते. जे दिसत नाही त्याची किंमत बाजारात ठरत नाही, आणि लाभ सर्वांना होत असला तरी पैसे द्यावयास कोणी एकजण पुढे येत नाही. अशा वस्तूंची तरतूद समाजाला सार्वजनिक पैशातून करावी लागते. रस्त्यांवरचे दिवे आपण तसेच लावतो. लेखनाचा शिक्षक हा त्याच वर्गात मोडतो.

पण सार्वजनिक तरतूद म्हणजे काय, हेही नीट सांगितले पाहिजे, नाही तर औषध रोगाहून वाईट ठरावयाचे. अमेरिकेत हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला निबंधलेखनाचा वर्ग सुरू केला आणि पुढे तो देशभर जवळजवळ सर्वत्र सक्तीचा झाला. विषय सर्वत्र पोचला, परंतु तो शिकविणाऱ्यांपैकी फार मोठा भाग आज हंगामी, अर्धवेळ आणि अल्पवेतनी आहे. सर्वांना हवा असलेला विषय आणि कोणालाही नको असलेला शिक्षक, अशी ती अवस्था. महाराष्ट्राला हे दृश्य अपरिचित नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली, तीत भाषिक क्षमता वाढविणाऱ्या अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. चौकट मिळाली. तिच्यात तासिका तत्त्वावरील आणखी एक अध्यापक नेऊन बसविला, सव्वाशे विद्यार्थ्यांचा वर्ग त्याच्यापुढे ठेवला आणि बहुपर्यायी प्रश्नांनी परीक्षा घेतली, की अभ्यासक्रम पूर्ण आणि लेखन शून्य.

हे शाळेचे काम आहे, महाविद्यालयाचे नव्हे, असा एक आक्षेप घेतला जातो. शाळेने करावे हे खरे. पण पुराव्यावरून निष्कर्ष काढून तो मांडणे हे प्रत्येक विषयात निराळे असते, आणि ते विषय महाविद्यालयातच सुरू होतात. दुसरा आक्षेप ताजा आहे: आता यंत्रच लिहून देते, मग माणसाने कशाला शिकावे? यंत्र गुळगुळीत मराठीचे पान क्षणात काढून देते, यात शंका नाही. परंतु ज्या म्हाताऱ्याची हकिकत कोठेही लिहिलेली नाही, ती यंत्राला ठाऊक नसते. ते तिच्या जागी कोणत्याही गावाला लागू पडेल अशी हकिकत रचून देईल, आणि शंभर दाव्यांत एकच मजकूर आढळला की शंभरही दावे संशयास्पद ठरतील. यंत्राच्या पानातले खरे कोणते आणि भरीचे कोणते हे ओळखणारा माणूस आता अधिकच लागणार आहे. त्या माणसालाच संपादक म्हणतात.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झाले ते नागपूर विद्यापीठातून हे दोन जिल्हे वेगळे काढून. सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ जवळ यावे, हा त्यामागचा हेतू होता. हे विद्यापीठ लहान आहे, आणि म्हणूनच येथे प्रयोग करणे सोपे आहे. प्रारंभी प्रत्येक तालुक्याच्या एका महाविद्यालयात एक पूर्णवेळ लेखनशिक्षक नेमावा. त्याच्याकडे वर्ग असू नये, टेबल असावे, समोरासमोर दोन खुर्च्या असाव्यात आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने आपला मसुदा घेऊन यावे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रयोगाचा अहवाल आणावा, संशोधकाने प्रबंधाचे प्रकरण आणावे. आणि प्रबंधाच्या भाषिक संपादनासाठी विद्यापीठाने अधिकृत दर ठरवून द्यावा, म्हणजे टंकलेखनाच्या दुकानात चोरून होणारे काम उजेडात येईल. संपादकाने काय करावयाचे आणि कशाला हात लावावयाचा नाही, याचेही नियम त्याबरोबर होतील. लिहून देणे वेगळे आणि लिहावयास मदत करणे वेगळे, ही सीमारेषा आज कोणी आखलेलीच नाही.

दुसरा पगार देणारा विद्यापीठाबाहेर आहे, आणि तो गडचिरोलीखेरीज इतरत्र क्वचितच आढळेल. तो म्हणजे ग्रामसभा. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा तेंदूपाने आणि बांबू स्वतः विकतात. त्यांना निविदेच्या सूचना काढाव्या लागतात, कंत्राटदाराशी करारनामे करावे लागतात, हिशेब ठेवावे लागतात आणि हा सर्व व्यवहार गावाला गोंडीतून समजावून सांगावा लागतो. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तेथे पाठ्यपुस्तके रचावयाची म्हणजे संपादक हवाच. दहा-पंधरा ग्रामसभांनी मिळून एक लेखक-संपादक नेमला, आणि त्याचे वेतन तेंदूच्या उत्पन्नातून दिले, तर प्रत्येक गावावर पडणारा भार करारातील एखाद्या संदिग्ध कलमाने होणाऱ्या नुकसानीपेक्षा खासच कमी असेल. अडचण आहे ती वेळापत्रकाची. तेंदूची तोडणी मे महिन्याच्या सुमारास होते आणि तिचे करार त्याआधीच्या महिन्यांत ठरतात. नेमक्या त्याच काळात महाविद्यालये परीक्षांच्या तयारीत असतात. पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांना ग्रामसभेच्या कचेरीत उमेदवारीला पाठवावयाचे असेल, तर त्यांचा लेखनाचा अभ्यासक्रम दिवाळीपूर्वीच पूर्ण झालेला असला पाहिजे, आणि परीक्षा मंडळाने त्यांच्या करारनाम्याच्या मसुद्यांनाच उत्तरपत्रिका मानावयास हवे.